ताणासाठी अश्वगंधा घ्यायची असेल तर: वही, काटा आणि आठ आठवडे

मी पतसंस्थेत काम करते. फेब्रुवारी संपला की वसुली, ऑडिट आणि मार्चअखेर यांत श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत पहाटे तीनला जाग यायला लागली. छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटायचं, आणि उठल्या उठल्या डोक्यात थकीत कर्जांची यादी सुरू व्हायची. एका सहकारी मैत्रिणीने 'ताणमुक्ती'चं चूर्ण सुचवलं. बरणीवर अकरा वनस्पतींची नावं होती. वनस्पतीच आहेत, त्रास काय होणार, या भरवशावर सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा दुधातून घेऊ लागले.

पहिले दहा दिवस छान झोप लागली. तिसऱ्या आठवड्यात धडधड सुरू झाली. व्हाउचरवर सही करताना हात थरथरायचा. मला वाटलं ताण वाढलाय, म्हणून चूर्णही वाढवलं. शेवटी एका वैद्यांकडे गेले. त्यांनी बरणी हातात घेतली, मागची यादी वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, सकाळी उपाशीपोटी कुठली गोळी घेता?"

मी थायरॉइडची गोळी घेत होते, आठ वर्षांपासून. चूर्णाच्या यादीत पहिलंच नाव अश्वगंधेचं होतं. रक्त तपासलं तर टीएसएच पार खाली गेलेलं, म्हणजे अंगात थायरॉइडचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झालेलं. चूर्ण बंद केलं, डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा गाडी रुळावर आलेली होती. पण त्या अकरांपैकी नेमकं कोणी काय केलं, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सगळं एकदम घेतलं की असंच होतं, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. अश्वगंधा चांगली आहे. ती औषध आहे, म्हणून औषधासारखी घ्यायची: एका वेळी एकच, मोजून, लिहून ठेवून आणि थांबायची तारीख आधी ठरवून.

आधी थोडं समजून घेऊ

हल्ली ज्याला 'अ‍ॅडॅप्टोजेन' म्हणतात तो शब्द सोव्हिएत रशियातला. निकोलाय लाझारेव या शास्त्रज्ञाने १९४७ मध्ये तो वापरला. शरीराला कुठल्याही प्रकारचा ताण सोसायला मदत करणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. आपल्याकडची 'रसायन', म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आणि जास्त व्यापक आहे. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय, म्हणजे ताकद देणाऱ्या आणि अंग भरणाऱ्या द्रव्यांत येते. दोन्ही कल्पना एकच आहेत असं मात्र समजू नका. वैद्य रसायन देताना माणसाची प्रकृती, भूक, पचन, ऋतू बघतात. बरणीवरच्या लेबलला हे काही बघता येत नाही.

ताण आला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीला, तिथून मूत्रपिंडावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो आणि कॉर्टिसॉल सुटतं. धोका टळला की हे थांबायला हवं. महिनोन्महिने ताण असला की ते थांबतच नाही. अश्वगंधेच्या मुळात विथेनोलाइड नावाची द्रव्यं असतात आणि ती या साखळीला शांत करत असावीत, असा संशोधकांचा कयास आहे.

पुरावा किती? २०१२ मध्ये भारतात ६४ जणांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, आणि निम्म्यांना बिनऔषधाची तशीच दिसणारी कॅप्सूल. अर्कवाल्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल दोन्ही लक्षणीय उतरलं. नंतर २५० आणि ६०० मिलिग्रॅमवर, झोपेवर, अशा आणखी चाचण्या झाल्या आणि बहुतेकींचा कल त्याच दिशेने आहे. पण या चाचण्या छोट्या आहेत, साधारण दोन-तीन महिन्यांच्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी अर्क बनवणाऱ्यांचाच हात आहे. म्हणून मी म्हणेन, ताणात मध्यम मदत होईल अशी आशा ठेवायला जागा आहे. तीन महिन्यांपलीकडे रोज घेतल्यास काय होतं, याबद्दल भरवशाची माहिती फार कमी आहे.

कोणी हातच लावू नये

हा भाग घाईने वाचू नका. मी घाई केली होती.

थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा थायरॉइड जास्त काम करत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरक वाढू शकतात. गरोदर बायकांनी, मूल हवंय म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी स्वतःच्या मनाने अजिबात नको. बाळंतिणीला वैद्य काही देत असतील तर ती गोष्ट वेगळी, तिथे जबाबदार माणूस समोर असतो. यकृताचा कुठलाही आजार, फॅटी लिव्हरसुद्धा, असेल तर नको. रोजची दारू असेल तरी नको. संधिवात, ल्युपससारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा आजार किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या, यांतही नको. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर नको. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करायचं आणि भूलतज्ज्ञांना सांगायचं.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर साखर किंवा दाब जास्त उतरू शकतो, तेव्हा डॉक्टरांना सांगूनच. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा नैराश्याची गोळी चालू असेल तर 'आता आयुर्वेदिक घेतो' म्हणून ती एकदम सोडू नका. अचानक सोडल्याने झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. त्या गोळ्या हळूहळूच कमी करायच्या असतात आणि तेही ज्यांनी दिल्या त्यांच्याच सांगण्यावरून.

पहिला आठवडा: फक्त लिहायचं

मी पुन्हा अश्वगंधा घेतली नाही. माझ्या धाकट्या बहिणीने घेतली. ती शाळेत शिकवते, कुठलीही गोळी चालू नाही, आणि दहावीच्या वर्गाच्या काळजीने तिची झोप उडाली होती. यावेळी आम्ही उलटं केलं. आठवडाभर औषध नाही, फक्त वही.

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज रात्री पाच गोष्टी: अंथरुणावर कधी पडलात, अंदाजे झोप कधी लागली, रात्री किती वेळा जाग आली, दिवसभरात चहा-कॉफीचे किती कप झाले, आणि आजचा ताण शून्य ते दहात किती. याशिवाय पहिल्या दिवशी जीएडी-७ ही प्रश्नावली भरा. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही, चिडचिड झाली, असे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र चिंता धरतात. दहा किंवा जास्त आले तर वनस्पती बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

बहिणीचे नऊ आले. पण आठवड्याच्या वहीत दुसरंच काही दिसलं. शाळेतून आल्यावर पाचला एक, आणि पेपर तपासताना रात्री नऊला एक, असे दोन मोठे कप चहा. झोप लागायची दोनला. तिने नऊचा कप बंद केला आणि चार दिवसांत झोप सव्वाला यायला लागली. औषधाची पुडी अजून फोडलेलीही नव्हती! वही ठेवली नसती तर हे श्रेय आम्ही अश्वगंधेला देऊन मोकळे झालो असतो.

याच आठवड्यात यकृताची तपासणी, म्हणजे एलएफटी, आणि टीएसएच करून घ्या. साध्या रक्त तपासण्या आहेत. पुढे काही झालं तर तुलनेला आधीचा आकडा हाताशी असतो.

विकत काय आणायचं

अश्वगंधा ही वांगी-टोमॅटोच्या कुळातली. मराठीत तिला आसगंध, आस्कंद, काही ठिकाणी ढोरगुंज म्हणतात. औषधात वापरायचं ते मूळ. बाजारात येणारा बराचसा माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यातला आणि राजस्थानातल्या नागौरकडचा. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याचा सल्ला दिला आहे, कारण पानांच्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. तेव्हा लेबलवर 'मूळ' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं 'अश्वगंधा अर्क' असेल तर ती बाटली परत ठेवा.

मला स्वतःला काष्ठौषधीच्या दुकानातून सबंध मूळ आणायला आवडतं. हातात घेऊन बघता येतं. चांगलं मूळ बाहेरून फिकट बदामी-करडं, बोटाएवढं किंवा त्याहून बारीक असतं. मोडलं की कटकन तुटतं आणि आत पांढरं, पिठूळ दिसतं. नाकाशी धरलं की तबेल्याची आठवण यावी असा उग्र वास येतो, नाव त्यावरूनच पडलं. चव कडवट-तुरट. या मुळात पीठ भरपूर असल्याने कीड फार लवकर लागते. सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली, कागदावर आपटल्यावर भुगा पडला, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, घेऊ नका. घरी आणून दोन दिवस सावलीत सुकवा, खलबत्त्यात कुटा, मग मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करा. काचेच्या कोरड्या बरणीत भरा आणि झाकणावर तारीख घाला.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर तयार चूर्ण किंवा कॅप्सूल घ्या. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत हवी. पूरक आहार म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ अंकी क्रमांक हवा. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांची तपासणी केल्याचा अहवाल कंपनी देते का ते विचारा. आणि घटक एकच असू दे. अकरा वनस्पतींच्या बरणीचं काय होतं ते वर सांगितलंच.

चूर्ण आणि अर्क यांची मापं एकमेकांत मिसळू नका, इथे फार जण चुकतात. चूर्णाची भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातली, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथातली, मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. अर्क आटवलेला असतो आणि चाचण्यांत तो दिवसाला साधारण २५० ते ६०० मिलिग्रॅम वापरला गेला. चूर्णाच्या अंदाजाने अर्क घेतला तर मात्रा कित्येक पट होते. दोन्ही एकत्र तर घ्यायचंच नाही.

घ्यायचं कसं

पहिले चार दिवस फक्त एक ग्रॅम, तेही रात्रीच्या जेवणानंतर. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर एकदा मोजून बघा, म्हणजे आपल्या चमच्यात किती मावतं ते कळेल. सपाट छोटा चमचा अडीच-तीन ग्रॅमपर्यंत भरतो, शिगोशीग भरला तर कितीतरी जास्त. पोट ठीक राहिलं, अंगावर काही उठलं नाही, तर पाचव्या दिवसापासून दीड ग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर आणि दीड ग्रॅम रात्री. म्हणजे दिवसाला तीन ग्रॅम. वैद्यांनी सांगितल्याशिवाय यापुढे जाऊ नका. अर्क घेत असाल तर पहिला आठवडा कमीत कमी ताकदीची एकच कॅप्सूल.

दुधातून घ्यायचं तर क्षीरपाक, म्हणजे दूध-पाण्यात औषध आटवून, करून बघा. त्याचं जुनं प्रमाण ठरलेलं आहे: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. बहिणीने सकाळ-रात्रीच्या दोन मात्रांऐवजी रात्रीचा एकच क्षीरपाक ठेवला होता. त्याला ३ ग्रॅम जाडसर चूर्ण, २४ मिली दूध आणि ९६ मिली पाणी. छोट्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं. सुरुवातीला वर फेस येतो आणि ऊतू जायला बघतो, तेव्हा तिथून हलायचं नाही. वीस मिनिटांत पाणी आटतं, रंग फिकट चहासारखा होतो, वास मवाळ होतो. दुधाएवढंच उरलं की गाळायचं आणि कोमट असताना घ्यायचं. बहिणीला चिमूटभर वेलची घातल्यावरच ते घशाखाली उतरायचं. दूध चालत नसेल तर तुपाबरोबर किंवा नुसत्या कोमट पाण्याबरोबर घ्या.

काहींना याने दिवसा पेंग येते. तसं झालं तर सकाळची मात्रा बंद करून रात्रीचीच ठेवा आणि सुरुवातीचे दिवस गाडी चालवताना सांभाळा. पोट बिघडणं, मळमळ, जड वाटणं हे नेहमीचे त्रास आहेत, मात्रा अर्धी केली की बहुतेकदा थांबतात. भूक मेलेली असेल, ताप असेल, जिभेवर पांढरा थर असेल तर तेवढे दिवस घेऊच नका. अश्वगंधा पचायला जड आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत फार फरक दिसला नाही म्हणून मात्रा वाढवायची नाही. चाचण्यांत जो फरक दिसला तो सहा ते आठ आठवड्यांत. वही मात्र रोज चालू.

लगेच थांबायचं ते कधी

अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. पुढे भारतातल्या यकृततज्ज्ञांनीही असे रुग्ण नोंदवले, आणि ज्यांचं यकृत आधीच खराब होतं त्यांच्यात मृत्यूही झाले. डेन्मार्कने २०२३ मध्ये विक्रीवर बंदी घातली. अशी इजा क्वचित होते, पण होते, आणि बहुधा सुरू केल्यापासून दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात.

लघवी चहासारखी गडद झाली, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला, अंगभर खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना बरणी बरोबर न्या. 'आयुर्वेदिक आहे, म्हणून सांगितलं नाही' असं करू नका. धडधड, थरथर, विनाकारण वजन उतरणं, फार घाम येणं दिसलं तर टीएसएच करा. चौथ्या आठवड्यात एकदा एलएफटी पुन्हा करावी असं माझं मत आहे. बहिणीने केली, ठीक आली.

बाकीच्या वनस्पती, थोडक्यात

तुळस सगळ्यात सोपी. पाच-सात पानं पाण्यात उकळून संध्याकाळच्या चहाऐवजी घेतली तर निदान एक कप चहा कमी होतो, आणि तो फायदा खात्रीचा. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी तुळशीचा अर्क मात्र विचारूनच घ्यावा.

ब्राह्मीच्या नावात मोठा घोळ आहे. आपल्याकडे नर्सरीत ब्राह्मी म्हणून जे गोल पानांचं रोप मिळतं ते बहुतेकदा मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. खरी ब्राह्मी, जिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात, तिची पानं छोटी, जाडसर, लांबट असतात आणि ती पाणथळ जागी पसरते. चरकाच्या चार मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत मंडूकपर्णी आहे, जोडीला ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. दोन्ही वनस्पती गुणी आहेत, पण वेगळ्या आहेत, तेव्हा आपण काय घेतो आहोत ते नीट माहीत हवं. ब्राह्मीने मळमळ होऊ शकते, म्हणून जेवणानंतर.

ज्येष्ठमध ताणाच्या मिश्रणांत गोडव्यासाठीही घालतात. रोज, बरेच दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. दाबाची गोळी असेल तर लेबलवर हे नाव आधी शोधा.

जटामांसी झोपेला उत्तम मानतात. ती हिमालयात उंचावर वाढते आणि बेसुमार तोडीमुळे आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे. स्वस्तात मिळाली तर ती खरी असण्याचीच शंका. मी ती सुचवणार नाही.

आठ आठवड्यांनंतर

ठरलेल्या तारखेला थांबायचं, बरं वाटत असलं तरी. जीएडी-७ पुन्हा भरा आणि पहिल्या आठवड्याची पानं शेजारी ठेवा. बहिणीचे गुण नऊवरून पाचवर आले. झोप साडेबाराला लागू लागली, त्यातला मोठा वाटा चहाच्या कपाचा. रोजचा ताण सातवरून पाचवर. चमत्कार नाही झाला, पण फरक तिला जाणवत होता आणि कागदावरही दिसत होता. तुमच्या वहीत काहीच बदल नसेल तर दुसरी बरणी आणू नका. ती तुमच्यासाठी नाही, आणि तीन महिने त्यात घालवण्यापेक्षा समुपदेशकाकडे जाणं बरं.

थांबल्यावर निदान महिनाभर वही चालू ठेवा. झोप आणि ताण आहेत तिथेच राहिले तर पुन्हा सुरू करायचं कारण नाही. घसरले तर वैद्यांना वही दाखवून ठरवा.

रोज भीतीने घाम फुटत असेल, कामावर जाणं अशक्य झालं असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर आठ आठवडे कशाचीही वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उरलेलं चूर्ण शेजारणीने मागितलं तर तसंच वाटीत घालून देऊ नका. आधी तिच्या गोळ्यांची पट्टी मागून बघा. बरणीत गुठळ्या झाल्या असतील किंवा किडीची जाळी दिसत असेल तर सरळ झाडाच्या मुळाशी टाकून द्या.